शेतावरचे घर (लेखांक ४) : आधी छप्पर, मग पश्चिमेची भिंत

सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी दक्षिण-उत्तर भिंतींवर ऊन जेमतेम पडते. सारा मारा छपरावर होतो आणि दुपार कलली की पश्चिमेच्या भिंतीवर. शेतावर घर बांधताना ऊन अडवायचे ते याच दोन जागी. कूलर आणि सौर पॅनेल यांचा विचार त्यानंतरचा. अंदाजपत्रकात मात्र क्रम बहुधा उलटा दिसतो.

सोलापूर-मराठवाड्याकडच्या माळवदाने हे काम मातीवर सोपवले होते. तुळयांवर लाकडी पाटण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसाचे ऊन खालच्या खणात पोचेपर्यंत रात्र होई, आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असे. पण ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात हीच जड छते आणि मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर गावोगाव स्लॅब आला तो निव्वळ हौसेखातर नव्हे.

स्लॅबने जिवाची हमी दिली, गारवा मात्र नेला. साडेचार-पाच इंची काँक्रीट दुपारचे ऊन काही तासांत तळाशी पोचवते आणि माणसे घरात टेकतात त्याच सुमारास खाली ओतू लागते. यावरचा सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे गच्चीला चुना. उघडे, जुनाट काँक्रीट बरेचसे ऊन पिऊन घेते. पांढराशुभ्र चुना त्यातला मोठा भाग परतवतो. पावसात तो धुपतो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर महाग पडतो, पण वर्षानुवर्षे टिकतो. स्लॅब अजून पडायचाच असेल तर लोखंडी गजांच्या मधल्या जागांत कौले किंवा मातीची भांडी बसवता येतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेल्या या पद्धतीत काँक्रीट वाचते आणि उष्णतेची वाटही थोडी अडते. गजांची आखणी मात्र अभियंत्याकडूनच करून घ्यावी.

पत्र्याचे घर दुपारी भट्टी होते खरे, पण रात्री ते स्लॅबच्या घराहून लवकर निवते. पत्र्याखाली हवेसाठी वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत केले आणि त्या पोकळीची दोन्ही टोके मोकळी ठेवली, तर दुपारही सुसह्य होते.

पश्चिमेच्या भिंतीला छज्जा फारसा उपयोगी पडत नाही, कारण तिसऱ्या प्रहरानंतर ऊन तिरपे होऊन त्याखालून आत शिरते. म्हणून त्या बाजूला न्हाणी, जिना, धान्याची कोठी अशा जागा घ्याव्यात आणि खिडक्या मोजक्याच ठेवाव्यात. दक्षिणेचे गणित सोपे आहे. डिसेंबरात सोलापुरातला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो. बेताचा छज्जा उन्हाळ्यात सावली देतो आणि थंडीतले ऊन आत येऊ देतो.

शहरातल्या प्लॉटवर न मिळणारी एक सोय शेतावर असते, ती झाडांची. कडुनिंबाची पाने उन्हाळ्याच्या तोंडावर गळतात, पण ऐन मे महिन्यात त्याला पुन्हा दाट सावली असते. मात्र काळ्या मातीत झाड पायाला खेटून लावू नये. मुळे ओल ओढतात, माती आकसते आणि भिंतीला तडे जातात. पूर्ण वाढलेल्या झाडाच्या उंचीइतके अंतर सोडणे उत्तम. ते जमत नसेल तर पश्चिमेला मांडव घालून त्यावर घोसाळ्याचा किंवा दोडक्याचा वेल चढवावा.