बॅटरीची केबल : आपल्या हातानें कीं मेकॅनिककडून?

पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे जातांना भूगांव, पिरंगुट, पौड हीं गांवें एकामागून एक मागें पडतात आणि पौडच्या पलीकडे वस्ती विरळ होऊं लागते. पुढें मुळशीच्या जलाशयाच्या कांठानें वळणें घेत रस्ता घाटाला लागतो. आषाढ-श्रावणांत या डोंगरांवर कोसळणारा पाऊस पाहण्यासाठीं शहरांतील कुटुंबें सुटीच्या दिवशीं मोटारी घेऊन तिकडे जातात. अशा वेळीं धबधब्यापाशीं तासभर उभी राहिलेली मोटार परतीच्या क्षणीं सुरूच होऊं नये, ही आपत्ति कांहीं दुर्मिळ नव्हे. किल्ली फिरविली कीं समोरचे दिवे लागतात, पण सेल्फमधून 'टक्' एवढाच आवाज येतो. बरोबर लहान मुलें, वरून धुकें उतरत चाललेलें, आणि गॅरेज कोसभर दूर! "बॅटरी बसली," असा निर्णय तत्काळ दिला जातो. कोणाच्या तरी मदतीनें मोटार घरीं येते आणि नवी बॅटरी विकत घेतली जाते. पंधरवडा लोटतो न लोटतो तोंच पुन्हा तोच 'टक्' ऐकूं येतो. दोष बॅटरीचा नव्हताच. तिच्या खुंटाला धरून असलेल्या केबलीचा होता.

अशी गंजलेली केबल स्वतः बदलावी कीं मेकॅनिकला पैसे देऊन बदलून घ्यावी, हा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो. त्याचें उत्तर बहुधा स्वभावावर सोडलें जातें. हौशी मनुष्य पाना घेऊन धांवतो आणि भित्रा मनुष्य गॅरेजकडे धांवतो. परंतु गंज कोठपर्यंत पोंचला आहे हें आधीं कळल्यावांचून दोघांचेंही धांवणें व्यर्थ होय.

एवढ्याशा गंजानें मोटार कां अडावी, हें समजण्यास मुळशीचेंच उदाहरण उपयोगी पडतें. ज्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला, त्या धरणाचें पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पायथ्याशीं भिरा येथें नेलेलें आहे. तेथील वीजगृह १९२७ सालीं चालू झालें. तेथें उत्पन्न होणारी वीज दूर मुंबईपर्यंत नेतांना तिचा दाब लाखभर व्होल्टपर्यंत चढवितात. दाब वाढविला म्हणजे तितकीच शक्ति थोड्या प्रवाहानें नेतां येते, आणि प्रवाह थोडा असला कीं तारेंतील नासाडी फारच कमी होते; कारण प्रवाह निम्मा झाला तर नासाडी चौथाईवर येते.

मोटारींत याच्या अगदीं उलट प्रकार आहे. येथें दाब अवघा बारा व्होल्टांचा असतो. एवढ्या अल्प दाबावर जड इंजिन फिरवावयाचें म्हणजे प्रवाह प्रचंड हवा. लहान पेट्रोल मोटारीचा सेल्फ फिरतांना सुमारें १५० अँपिअर प्रवाह ओढतो, आणि डिझेल मोटारीचा याहूनही अधिक. घरांतील सर्व दिवे आणि पंखे एकदम लावले तरी इतका प्रवाह लागत नाहीं. म्हणूनच बॅटरीची केबल अंगठ्याएवढी जाड असते. पंचवीस चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याच्या केबलीचा विरोध ओहमच्या सुमारें सात दशसहस्रांश भरतो, आणि १५० अँपिअर प्रवाह वाहतांना तिच्यांत दहांशभर व्होल्ट खर्च होतो. तें परवडतें. आतां केबलीच्या टोकाशीं गंज साचून ओहमच्या केवळ दोन शतांश भाग विरोध वाढला असें धरूं. तेवढाच प्रवाह वाहूं लागला तर तीन व्होल्ट तेथेंच गडप होतील आणि ४५० वॅट शक्तीची उष्णता त्या एका सांध्यांत निघेल. म्हणजे घरगुती इस्तरीच्या जवळजवळ निम्मी. प्रत्यक्षांत प्रवाहच घटतो आणि सेल्फ उपाशी राहतो. मात्र त्याच सांध्यांतून एक अँपिअर घेणाऱ्या लहानशा दिव्याला व्होल्टाच्या दोन शतांशाचाच तोटा होतो. दिवा लागतो आणि सेल्फ फिरत नाहीं, यांतील कोडें हें असें आहे.

हा गंज येतो कोठून? शिशाच्या पत्र्यांची आणि गंधकाम्लाची ही बॅटरी फ्रान्समधील गॅस्टन प्लांटे यानें १८५९ सालीं सिद्ध केली. पूर्वी मोटारीचें इंजिन पुढें हँडल घालून हातानें फिरवीत, आणि हँडल उलटून मनगटें मोडत. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यानें तयार केलेला विजेचा सेल्फ आला आणि मग या बॅटरीस मोटारींत मानाचें स्थान मिळालें. तिच्या रचनेंत सुधारणा पुष्कळ झाल्या, परंतु शिसें आणि गंधकाम्ल कायम आहेत. बॅटरी चार्ज होत असतां आंतून वायु निघतो व त्याबरोबर अम्लाचे सूक्ष्म तुषार बाहेर पडतात. खुंटाच्या बुडाशीं फट असली तर तेथूनही अम्ल पाझरतें. खुंट आणि त्यावर आवळलेली पकड (हिलाच गॅरेजमध्यें टर्मिनल म्हणतात) यांच्या शिशावर त्याची क्रिया होऊन पांढरी भुकटी जमते. तेंच अम्ल केबलींतील तांब्यास लागलें कीं निळसर-हिरवा थर चढतो. हें दुसरें तिसरें कांहीं नसून मोरचूद होय. सह्याद्रीच्या पायथ्याची दमट हवा या क्रियेस हातभारच लावते.

थर पांढरा असून पकडीपुरताच असेल, तर केबल बहुधा चांगली असते व साफसफाईनें काम भागतें. थर निळा असेल तर केबलीच्या तांब्यास अम्ल लागलें असें समजावें. अम्ल केशाकर्षणानें वेष्टनाखालीं शिरतें आणि आंतल्या आंत तांबें खात जातें. अशी केबल टोकाशीं फुगलेली किंवा ताठ झालेली असते, आणि वेष्टन किंचित् मागें सारून पाहिलें तर आंतील तारा चकचकीत दिसण्याऐवजीं काळ्या किंवा हिरव्या दिसतात. ती बाहेरून कितीही घासली तरी व्यर्थ. ती बदललीच पाहिजे.

डोळ्यांपेक्षां निश्चित साक्ष साध्या मल्टिमीटरची. मोटार न्यूट्रलमध्यें ठेवून हँडब्रेक ओढावा. मीटरचें एक टोंक शिशाच्या खुंटाच्या मधोमध आणि दुसरें पकडीवर टेकवावें, आणि दुसऱ्या मनुष्यास किल्ली फिरविण्यास सांगावें. सेल्फ फिरत असतां मीटर दहांश-दोन दहांश व्होल्ट दाखवील तर सांधा ठीक आहे. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दाखवील तर दोष तेथेंच आहे. मग एक टोंक ऋण खुंटावर आणि दुसरें इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून हीच परीक्षा पुन्हा करावी, म्हणजे जमिनीच्या केबलीचा, अर्थात् अर्थिंगचा, संपूर्ण मार्ग तपासला जातो. पांच मिनिटांच्या या परीक्षेनें अकारण विकत घेतली जाणारी बॅटरी वांचते.

सफाईचें काम कोणाही सावध गृहस्थास किंवा गृहिणीस करतां येईल, मात्र क्रम चुकतां कामा नये. इंजिन बंद करून किल्ली खिशांत ठेवावी, कारण वीज तोडतांच कांहीं मोटारींचे दरवाजे आपोआप बंद होतात. कांहीं मिनिटें थांबावें. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, गळ्यांतील सांखळी काढून ठेवावी व डोळ्यांवर चष्मा चढवावा. बहुतेक मोटारींस दहा नंबरचा पाना लागतो. प्रथम ऋण बाजूची पकड सोडवावी आणि मगच धन बाजूची. बसवितांना याच्या उलट, म्हणजे ऋण सर्वांत शेवटीं. मोटारीचें सर्व अंग ऋण बाजूस जोडलेलें असतें. ऋण न सोडवितां धन बाजूस पाना लावला आणि त्याचें दुसरें टोंक पत्र्यास टेकलें, तर क्षणांत शेंकडों अँपिअर त्या पान्यांतून वाहतात. पाना लाल होतो व ठिणगी उडते. बॅटरींतून निघणारा हायड्रोजन वायु तेथें साचला असल्यास बॅटरी फुटून अम्ल तोंडावर उडतें. या कामांत खरी भीति आहे ती हीच, आणि ती नाहींशी करण्यास एवढा क्रम पुरेसा आहे.

उकळतें पाणी ओतण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. त्यानें थर वाहून जातो, पण अम्ल खालच्या पत्र्यावर पसरतें. त्यापेक्षां पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशनें लावावा. फेंस येणें थांबलें कीं अम्ल मेलें असें समजावें. बॅटरीस बुचें असल्यास तीं घट्ट असावींत, कारण सोडा आंत गेला तर आंतील अम्लच निकामी होतें. नंतर स्वच्छ पाण्यानें धुऊन, पुसून, खुंट आणि पकडीची आंतली बाजू कानसपेपरनें चकचकीत करावी, पकड आवळावी आणि मगच वरून व्हॅसलिन लावावें. कामाच्या ओघांत अम्ल डोळ्यांत गेलेंच तर पंधरा मिनिटें वाहत्या पाण्यानें डोळा धुवावा आणि डॉक्टर गांठावा.

आतां केबल बदलण्याचा प्रश्न. ऋण बाजूची केबल बहुधा आंखूड असते. तिचें एक टोंक बॅटरीशीं आणि दुसरें मोटारीच्या पत्र्याशीं किंवा इंजिनाशीं असतें. दोन्ही टोंकें वरून दिसत असतील, तर त्याच मापाची तयार केबल आणून ती घरीं बदलण्यास अडचण नाहीं. धन बाजूची केबल मात्र खालीं सेल्फपर्यंत जाते. तिच्यासाठीं मोटार वर उचलावी लागते, आणि ती पूर्वीच्याच मार्गानें व पूर्वीच्याच चिमट्यांत बसली नाहीं तर तापलेल्या धुरांड्यास टेकून जळूं शकते. हें काम मेकॅनिकचें. पुष्कळ नव्या मोटारींत धन बाजूच्या पकडीवरच फ्यूजची पेटी किंवा ऋण बाजूच्या पकडीवर प्रवाह मोजणारें नाजूक यंत्र असतें; तेथेंही हात आवरावा. हायब्रीड व विजेच्या मोटारींतील नारिंगी केबलींस तर घरच्या मनुष्यानें स्पर्शही करूं नये.

मेकॅनिकला दिलेले पैसे केवळ पाना फिरविण्याचे नसतात. केबलीच्या टोकावर तांब्याची टोपी घट्ट दाबून बसविण्यास जें यंत्र लागतें, तें घरीं नसतें. हातोड्यानें ठोकलेल्या टोपीखालीं पोकळी राहते आणि गंज तेथूनच पुन्हा सुरू होतो. नुसत्या स्क्रूनें आवळण्याचें स्वस्त टर्मिनल तारा उघड्या ठेवतें. तें वाटेवरील अडचणीपुरतेंच ठीक. तेव्हां गिऱ्हाइकानें चार गोष्टी पाहून घ्याव्या: काढलेली जुनी केबल परत मागावी, नवी केबल शुद्ध तांब्याची असावी, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची नसावी, कारण ॲल्युमिनियमचा विरोध दीडपटीहून अधिक आहे, जाडी मुळापेक्षां कमी नसावी, आणि काम झाल्यावर मीटरची परीक्षा समोर करून घ्यावी. चांगल्या कारागिरास या प्रश्नांचा राग येत नाहीं.

आणखी एक इशारा. सफाईनंतर दोन-तीन महिन्यांतच थर पुन्हा जमला, तर केबलीस दोष देऊं नये. इंजिन चालू असतां बॅटरीवर साधारणतः पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट असावेत. मीटर पंधराच्या घरांत जात असेल तर चार्जिंगचें नियंत्रण बिघडलें आहे आणि बॅटरी आंतून उकळत आहे. तें ठीक असेल तर खुंटाच्या बुडाशीं फट पडली आहे. दोन्ही प्रसंगीं नुसती नवी केबल घालणें म्हणजे गळकें छप्पर तसेंच ठेवून खालची जमीन पुसणें होय.

मुळशी खोऱ्यांतील शेतकरी मृग लागण्यापूर्वीं घर शाकारून घेतो. पाऊस सुरू झाल्यावर कौलांवर चढतां येत नाहीं, हें त्यास ठाऊक असतें. मोटार बाळगणाऱ्या कुटुंबानेंही त्याच सुमारास एका रविवारीं बॉनेट उघडून दोन्ही खुंट पाहावेत. पांढरी भुकटी दिसली तर सोडा आणि ब्रश घरांत आहेतच. मोरचूद दिसला तर गॅरेजची वाट धरावी; आणि ती ताम्हिणीच्या धुक्यांत शोधण्यापेक्षां कोरड्या दिवशीं गांवांतच शोधलेली बरी.