काचेची हौस

भिगवणला थंडीत पहाटे होडीत बसलात, की फ्लेमिंगो दिसेपर्यंत गप्पांना विषय एकच असतो. कोणी कॅमेऱ्याची नवी बॉडी घेतली, कोणाला जुनी काढायची आहे, आणि नव्या मॉडेलचा ऑटोफोकस पक्ष्याचा डोळा कसा पकडतो. लेन्सबद्दल त्या मानाने कमी बोलणं होतं, आणि घरच्या मॉनिटरबद्दल तर अजिबातच नाही. माझा क्रम नेमका उलटा आहे. हौशी माणसाने पैसे घालावेत ते आधी काचेत, मग कॉम्प्युटरच्या टेबलावर, आणि उरलेच तर बॉडीत. बॉडीची किंमत चार-पाच वर्षांत उतरते. नीट सांभाळलेली लेन्स मात्र नातवंडांच्याही कामी येते.

रीतीप्रमाणे थोडा इतिहास. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी होते. पुढे शंभरेक वर्षांनी बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री मध्यमवर्गीय घरांत आला. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे बारशाला सहा आणि गणपतीला सहा असा हिशेब. मग एसएलआर, मग डिजिटल, आणि 2018 मध्ये निकॉन व कॅनन दोघांनीही फुल फ्रेम मिररलेस कॅमेरे बाजारात आणले. झाला इतिहास.

मिररलेसची खरी गंमत मला वाटते ती वेगळीच. एसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सरच्या मध्ये आरसा हलायला जागा लागते. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये हे अंतर साडेशेहेचाळीस मिलिमीटर होतं. आरसा गेला आणि झेड माउंटमध्ये ते सोळावर आलं, सोनीच्या ई माउंटमध्ये अठरावर. या उरलेल्या जागेत एक पोकळ नळी बसते, जिला आपण अ‍ॅडॅप्टर म्हणतो. तिच्यात काच नसते, काही नसते. पण तिच्या जोरावर पन्नास-साठ वर्षांपूर्वीची बहुतेक कुठलीही एसएलआर लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर चढते, आणि व्ह्यूफाइंडरमध्येच चित्र मोठं करून हाताने फोकस करता येतो. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. निकॉनच्या डी मालिकेतल्या बहुतेक लेन्सना, उदाहरणार्थ पुष्कळांच्या घरी असलेल्या 50 मिमी एफ 1.8 डी ला, स्वतःची मोटर नसते. कंपनीच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्येही ती नाही. म्हणजे लेन्स चालेल, फोकस हाताने करायचा.

माझी लाडकी हेलिओस 44-2. 58 मिमी, एफ 2, वजनाला ठोस, झाइसच्या बायोटार रचनेवरून सोव्हिएत रशियात बनवलेली. झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती इतक्या संख्येने विकली गेली, की जुन्या मालात आजही सहज मिळते. छिद्र पूर्ण उघडं ठेवून मागे पानांची गर्दी घ्या, पानांमधून येणारे प्रकाशाचे ठिपके कडेला चपटे होत जातात आणि चेहऱ्याभोवती सगळं गरगर फिरल्यासारखं दिसतं. शास्त्राच्या दृष्टीने हा दोषच आहे. आजचे डिझायनर तो काढून टाकण्यासाठी आटापिटा करतात आणि आम्ही तो विकत घेतो!

अशा लेन्स शोधायला मुंबईत फोर्टात, बोरा बाजारच्या गल्ल्यांत हिंडावं. दुकानदार कपाटातून लेन्स काढून काउंटरवर ठेवतो आणि पहिल्यांदा किंमत सांगतो. किमतीकडे लक्ष देऊ नका. खिशातून छोटी टॉर्च काढा. दोन्ही झाकणं काढून, छिद्र पूर्ण उघडून, मागच्या बाजूने टॉर्च तिरकी मारा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण दिसतीलच, त्यांनी फोटोला काही होत नाही. छिद्राच्या पाकळ्यांवर तेल चकाकतंय का, छिद्र लहानमोठं करताना त्या आळसावतात का, फोकसची रिंग एका जागी अडते का, हे बघा. आणि मग मुख्य गोष्ट, फंगस. काचेच्या कडेपासून आत शिरलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे. साध्या उजेडात ते अजिबात दिसत नाहीत, तिरक्या उजेडात मात्र एकेक फाटा मोजता येतो.

हा फंगस म्हणजे आपल्या पावसाळ्याची खास भेट. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली, अंधार असला आणि हवा खेळती नसली, की काचेवरच्या सूक्ष्म कचऱ्यावर तो वाढतो. म्हणजे कोकणातलं किंवा मुंबईतलं, जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद असलेलं कोणतंही लाकडी कपाट! त्यातून लेन्स जर कंपनीने दिलेल्या देखण्या चामडी पाकिटात असेल, तर विचारायलाच नको, कारण चामडं ओल धरून ठेवतं. पुण्यात एका जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे मी बरेचदा नुसता बघत बसतो. पाना लावून पुढची रिंग फिरवायची, एकेक काच ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने मऊ कापडावर मांडायची, कुठली बाजू वर होती याची पेन्सिलने खूण करायची. ते एकदा मला म्हणाले, "साहेब, फंगस मी पुसून देतो. पण त्याने खाल्लेलं कोटिंग कुठून आणू?" मुद्दा तोच आहे. फंगस आम्ल सोडतो, ते कोटिंगमध्ये उतरतं, आणि स्वच्छ केलेल्या काचेवरही धाग्यांचा ठसा राहतो.

उपाय फार महाग नाही. ड्राय कॅबिनेट घेता आलं तर उत्तम, नाहीतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहिला पाहिजे. फार कोरडंही नको, वंगण सुकतं. आणि लेन्स वापरत राहा. आंबोलीत बेडूक टिपून आलात तर लेन्स बॅगेत तशीच ठेवू नका, रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा.

थोडं विषयांतर, पण मोह आवरत नाही. पेंटॅक्सच्या काही जुन्या सुपर टाकुमार 50 मिमी एफ 1.4 लेन्सच्या काचेत थोरियम आहे. त्याच्या किरणोत्सारामुळे काच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते, चहाच्या रंगापर्यंत. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवली की पिवळेपणा उतरतो. थोरियमचा अर्धायुकाल सुमारे 1,400 कोटी वर्षं, म्हणजे तो पुन्हा चढणार हेही नक्की.

आता कॉम्प्युटर, जिथे बॉडी बदलणारे खरे अडकतात. 24 मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण 25-30 एमबीची होते, 45 मेगापिक्सेलची पन्नासच्या पुढे जाते. नवी बॉडी आली की कार्डं अपुरी, मग हार्ड डिस्क अपुरी, मग लॅपटॉप धापा टाकतो. आणि हे सगळं शेवटी दिसतं कुठे? फुल एचडी पडद्यावर, ज्यात जेमतेम वीस लाख पिक्सेल असतात. उलट, 2023 मध्ये लाइटरूममध्ये फोटोतला दाणेदारपणा काढणारं एआय डिनॉइझ आलं, तेव्हा माझ्या 2010 सालच्या सोळा मेगापिक्सेल निकॉन डी 7000 वरच्या संध्याकाळच्या फाइली अशा उजळल्या, की नव्या बॉडीचा विचार मी सोडून दिला. अटी दोनच, मूळ रॉ फाइल जपलेली हवी आणि ग्राफिक्स कार्ड बरं हवं, नाहीतर एकेका फोटोला चहा होऊन जातो. पैसे भरायचे नसतील तर डार्कटेबल फुकट आहे, शिकायला मात्र चिवटपणा लागतो.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू मॉनिटर. "प्रिंट काळे आले" ही तक्रार प्रत्येक लॅबवाल्याला रोज ऐकावी लागते, आणि बहुतेक वेळा दोष घरच्या पडद्याचा असतो. कारखान्यातून तो दुकानात उठून दिसावा इतका झगझगीत करून पाठवलेला असतो. त्यावर बघून आपण फोटो गडद करतो, आणि कागदाला तर स्वतःचा उजेड नसतो. आयपीएस पॅनेल घ्या, झगझगाट 100 ते 120 निट्सपर्यंत उतरवा, पांढरा रंग 6500 केल्व्हिनवर बसवा. पडद्यावर लटकवायचा कॅलिब्रेटर हे काम काही मिनिटांत करतो. तो महिन्यातून एकदाच लागतो, म्हणून आमच्या पाच-सहा जणांच्या कंपूत वर्गणी काढून एकच घेतला. सध्या तो डोंबिवलीला आहे.