बारीक अंगात दडलेली चरबी

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक होते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन यडकिन. दोघंही मधुमेहाचे अभ्यासक, दोघंही अंगानं बेताचे. उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा जो बीएमआय नावाचा आकडा असतो, तो दोघांचाही जवळजवळ सारखा होता : २२.३. मग डेक्सा या क्ष-किरण तपासणीनं दोघांच्या शरीरातली चरबी मोजली. यडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. उंची-वजनाचं गणित सारखं, पण चरबी दुपटीहून जास्त!

दोघांची आडनावं इंग्रजीत ‘वाय’नं सुरू होतात, म्हणून या कोड्याला नाव पडलं ‘वाय-वाय पॅराडॉक्स’. त्या छोट्याशा टिपणात दोघांनी कारणंही मोकळेपणानं मांडली होती. यडकिन मॅरेथॉन धावायचे, तर याज्ञिकांचं धावणं रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत तिथं पोचण्यापुरतं. पण आणखी एक कारण त्यांनी सुचवलं होतं, आणि मला सगळ्यात थक्क करतं ते हेच : याज्ञिकांचं जन्मावेळचं वजन कमी होतं. पन्नाशीच्या आसपासच्या माणसाच्या अंगातली चरबी समजून घ्यायला तो आईच्या पोटात कसा वाढला, इथपर्यंत मागं जावं लागतं!

माणसाकडे नुसतं बघून त्याच्या तब्येतीचा अंदाज बांधायची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. हा काटक, तो दणकट, ती अंगानं भरलेली, हा नुसता हडकुळा. याच नजरेला शास्त्राचा साज चढवायचा प्रयत्न विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४० साली केला. कॉलेजातल्या सुमारे चार हजार तरुणांचे विवस्त्र फोटो समोरून, बाजूनं आणि पाठीमागून घेऊन त्यानं देहाचे तीन घटक ठरवले. गोलसर, मऊ देहाचा एंडोमॉर्फ, पिळदार देहाचा मेसोमॉर्फ आणि शिडशिडीत, लांबट देहाचा एक्टोमॉर्फ. गर्भात सुरुवातीला पेशींचे जे तीन थर असतात त्यांच्यावरून ही नावं घेतली होती. प्रत्येक माणसात तिन्ही घटक कमीजास्त असतात असं मानून तो प्रत्येकाला एक ते सातपर्यंत गुण द्यायचा. इथवर ठीक होतं. पण पुढं त्यानं देहावरून स्वभाव सांगायला घेतला आणि गुन्हेगारीपर्यंत मजल मारली. माणसाचा हा साचा जन्मभर बदलत नाही, असंही तो ठासून सांगत राहिला.

तो साचा बदलतो हे दिसायला फार वर्षं लागली नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून उपासमारीचा अभ्यास केला. या तरुणांचं वजन जवळपास चौथाईनं उतरलं. गॅब्रिएल लास्कर या मानववंशशास्त्रज्ञानं त्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेल्डनच्याच पद्धतीनं तपासले आणि १९४७ साली निष्कर्ष छापला : उपासमारीनंतर त्यांचे गुण एक्टोमॉर्फच्या बाजूला सरकले होते. पुढं १९६७ साली बार्बरा हीथ आणि लिंडसे कार्टर यांनी या पद्धतीतली स्वभावाची भानगड काढून टाकली. हाडांची रुंदी, स्नायूंचा घेर, कातडीखालच्या चरबीची जाडी अशी मापं टेपनं आणि कॅलिपर नावाच्या मोजमापाच्या चिमट्यानं घेऊन देह आज कसा आहे तेवढंच सांगणारी पद्धत त्यांनी बसवली. खेळाडूंच्या अभ्यासात ती आजही वापरतात, आणि ती उपयोगाचीही आहे. गोळाफेक करणारा आणि लांब पल्ल्याचा धावपटू यांचे देह इतके वेगळे का, हे तिच्यातून छान दिसतं. पण व्यायामशाळेत शिरल्या शिरल्या ‘तू एक्टोमॉर्फ, तुझा आहार असा, तुझा व्यायाम तसा’ असं कुणी सांगू लागलं, तर त्याला शास्त्राचा भक्कम आधार नाही. आज घेतलेल्या मापांवरून उद्याचं भविष्य वर्तवता येत नाही.

आणि ही सगळी मापं देहाच्या बाहेरून घेतलेली. याज्ञिकांचा तो २१.२ टक्क्यांचा आकडा बाहेरून कुणाला दिसला असता?

त्याचा माग पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत लागतो. १९९३ साली याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. या बायका गरोदर राहण्याच्या आधीपासून त्यांच्या नोंदी ठेवल्या, मग गरोदरपणातल्या, मग बाळाच्या. आया लहानखुऱ्या होत्या. सरासरी वजन चाळीस किलोंच्या जरासं वर. बाळंही लहान, सरासरी २.७ किलोंची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांची सरासरी होती ३.५ किलो. इथवर काही नवल नाही. नवल पुढं आहे.

तान्ह्या बाळाची चरबी मोजण्याची एक साधी रीत आहे. बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याच्या अगदी खाली, दोन बोटांत कातडीची हलकीशी चिमूट धरायची. तिला कॅलिपर लावायचं आणि चिमटीची जाडी मिलिमीटरमध्ये वाचायची. बाळ कुरकुर करायच्या आत माप होऊन जातं. या चिमटीत कातडी असते आणि तिच्याखालची चरबी. पुण्याकडच्या बाळांची साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा वजन बरंच कमी, दंडाचा घेर बराच कमी, पोटाचा घेर तर सगळ्यात कमी निघाला. म्हणजे स्नायू कमी, आणि यकृतासारखे पोटातले अवयवही लहान. मात्र पाठीवरची ती चिमूट जवळजवळ साउदॅम्प्टनच्या बाळांइतकीच होती! पावणेतीन किलोंच्या किडकिडीत बाळानं स्नायूंमध्ये काटकसर केली होती, पोटातल्या अवयवांत केली होती, पण चरबी जपली होती. पुण्यातल्या बाळांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात नाळेतलं रक्त तपासल्यावर, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्शुलिनही वजनाच्या मानानं जास्त आढळलं. पुढं चाळिशीत डॉक्टरांच्या कागदावर उमटणारी लक्षणं जन्माच्या दिवशीच हजर होती. बाळांच्या मापांचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले आणि ‘थिन-फॅट’ बाळ ही संज्ञा पुण्याहून जगभर गेली.

गर्भाला अन्न कमी पडलं की तो वाटण्या करतो. मेंदूला आधी, स्नायूंना नंतर. चरबी राखून ठेवण्यातही तगून राहण्याचा हिशेब असावा, कारण जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत वाढत्या मेंदूला लागणारी ऊर्जा तीच पुरवू शकते. पण आईला नेमकं काय कमी पडत होतं, याचा शोध पुण्याच्या या अभ्यासात घेतला गेला आणि उत्तरं अनपेक्षित निघाली. आईनं एकूण किती खाल्लं यापेक्षा तिच्या ताटात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती होतं, याचा बाळाच्या आकाराशी जास्त घट्ट संबंध दिसला. गरोदरपणातही पाणी आणणं, शेतात राबणं ज्यांना चुकलं नव्हतं त्यांची बाळं आणखी लहान होती. शिवाय जवळपास दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यात जास्त आढळली.

पण गोष्ट एका आईपाशीही थांबत नाही. केंब्रिजच्या एमा पॉमरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातल्या पुरातन उत्खननांतले सांगाडे तपासून २०१९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. हाडांच्या जाडी-रुंदीवरून माणसाच्या अंगावर स्नायू किती असावेत याचा अंदाज करता येतो, कारण भार पेलायचा तेवढंच हाड भरतं. उंचीच्या मानानं स्नायू कमी असण्याचं हे लक्षण आपल्या भूभागात निदान ११,००० वर्षांपासून दिसतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे हडप्पाची नगरं उभी राहायच्या कितीतरी आधी इथल्या माणसाची अंगकाठी हीच होती. आजच्या कुणा तरुणाला ‘काडी पैलवान’ म्हणून चिडवलं जातं, तेव्हा त्या काडीमागं एवढा जुना काळ उभा असतो.

आता चरबी कुठं साठते ते पाहू, कारण ती किती आहे इतकाच हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. कातडीखालची चरबी म्हणजे घरातली कणगी. जास्तीचं अन्न तिथं नीट साठतं आणि कुणाच्या अध्यात-मध्यात येत नाही. कणगी लहान असली की लवकर भरते, मग दाणे वाटेल तिथं सांडू लागतात : यकृतात, आतड्यांभोवती, स्नायूंच्या आत. ही चुकीच्या जागी गेलेली चरबी इन्शुलिनचं काम अडवते. मार्सेयचे डॉक्टर जाँ वाग यांनी १९४७ सालीच दाखवलं होतं की मांड्या-नितंबांवरची चरबी तितकीशी घातक नसते आणि धडाच्या वरच्या भागात व पोटावर साठणारी मधुमेहाला बोलावते. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं सुटलेलं, असा देह घरोघरी दिसतो. त्याचं वजन काट्यावर ‘नॉर्मल’ येतं आणि माणूस निश्चिंत होतो.

याच्या अगदी उलट टोकाला जपानचे सुमो पैलवान. दीडशे किलोंचा देह, पोट भलंमोठं. पण त्यांचे सीटी स्कॅन काढल्यावर बरीचशी चरबी कातडीखालीच आढळली. आतड्यांभोवती त्या मानानं थोडी. नियमित सराव चालू असेपर्यंत अनेकांची रक्तातली साखरही आटोक्यात राहते. सराव सुटला आणि खाणं तसंच राहिलं की चित्र बिघडतं. देहाचा आकार तोच, पण आतला कारभार स्नायूंच्या हालचालीनं बदललेला!

यात स्नायू नेमकं काय करतात? जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, आणि एरवी त्यासाठी इन्शुलिनचा निरोप यावा लागतो. पण स्नायू आकुंचन पावू लागला की ग्लुट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या आतून निघून तिच्या पृष्ठभागावर येतात आणि इन्शुलिनच्या निरोपाविना साखर आत घेऊ लागतात. जिना चढताना, बैठका मारताना, डोक्यावरून पोतं वाहताना हे चाललेलं असतं. ज्यांच्या अंगात स्नायू मुळातच कमी, त्यांना म्हणूनच स्नायू वाढवण्याची आणि वापरण्याची गरज जास्त. बारीक माणसाला ‘तुला काय गरज व्यायामाची?’ असं आपण सहज विचारतो. आपल्या देशात हा प्रश्न घातक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्यायामाचं फळ सगळ्यांना सारखं मिळत नाही, हेही खरं. अमेरिका आणि कॅनडातल्या ‘हेरिटेज’ अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या कुटुंबांकडून वीस आठवडे, आठवड्यातून तीनदा, ठरवून दिलेल्या जोरानं सायकल चालवून घेतली. दर मिनिटाला शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ती क्षमता सरासरी ४०० मिलिलिटरनं वाढली. पण काहींची जेमतेम हलली आणि काहींची लिटरभर वाढली! वय किंवा सुरुवातीचा दम यांवरून हा फरक फारसा सांगता येत नव्हता; तो घराण्यात मात्र दिसत होता. एका घरातल्या माणसांमध्ये जेवढा फरक, त्याच्या अडीचपट घराघरांत. आरशात दिसणाऱ्या अंगकाठीखेरीज अशी एक न दिसणारी ठेवण प्रत्येकाला मिळालेली असते. ज्याचा दम वाढत नाही त्याचा रक्तदाब उतरू शकतो किंवा ताकद वाढू शकते. म्हणून दोन महिन्यांत एक आकडा हलला नाही एवढ्यावरून व्यायाम सोडून देण्यात काही अर्थ नाही.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकले, ते ५७ किलोंच्या गटात. काट्यावर तेवढंच वजन भरणारी माणसं महाराष्ट्रात तेव्हाही लाखांनी होती आणि आजही आहेत. त्या ५७ किलोंत स्नायू किती आणि चरबी किती, हे काटा सांगत नाही.

टेप मात्र बरंच सांगते. सकाळी उपाशीपोटी उभं राहा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडा, पोट आत न ओढता माप घ्या. भारतीयांसाठी डॉक्टरांनी ठरवलेली मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर आहे. तेही लक्षात राहत नसेल, तर कमर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी एवढं ध्यानात ठेवा. बीएमआय काढायचाच असेल, तर आपल्यासाठी जास्त वजनाची रेघ २५ वर नाही, २३ वर आहे.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांत जन्मलेली मुलं आता तिशीच्या घरात आहेत. ती पौगंडावस्थेत असताना, २०१२ पासून, त्यांच्यातल्या काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला, पुढच्या पिढीच्या बाळांचं काही भलं व्हावं म्हणून. तुमच्या घरात लग्नाच्या वयाची मुलगी किंवा सून असेल, तर तिचं बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, तिच्या ताटात पालेभाजी आणि दूध पडतंय ना ते पाहा. आणि घरातल्या बारीक माणसाला, त्याचं वजन कितीही कमी असो, उद्यापासून जोर-बैठका मारायला लावा.