कंबरेची उसण : आराम कोणास लवकर पडतो?

मृगाचा पाऊस होऊन पेरणीची घाई सुरू झाली, की अनसिंगच्या शिवारात कंबर धरलेला एखादा तरी गडी दिसतोच. सोयाबीनचे पोते उचलताना किंवा भरलेला फवारणीचा पंप पाठीस लावताना कळ निघते, आणि ऐन हंगामात धनी अंथरुणास खिळतो. मग कोणी हाडवैद्य गाठतो, तर कोणी पायाळू माणसाची लाथ पाठीत घेतो.

मणक्यांवर हाताने दाब देऊन उपचार करण्याची कल्पना परदेशांतही रूढ आहे. अमेरिकेत डी. डी. पामर यांनी १८९५ साली ‘कायरोप्रॅक्टिक’ ही पद्धती सुरू केली. तिने गुण कोणास येतो, याचा तपास नॉर्वे व स्वीडन येथील संशोधकांनी केला. मागील वर्षभरात ज्यांची कंबर थोडेच दिवस दुखली होती, कळ पायात उतरत नव्हती, आणि पहिल्या एकदोन उपचारांतच ज्यांस निश्चित फरक जाणवला, त्यांस आराम लवकर पडला, असे स्वीडनमध्ये दिसून आले. म्हणजे उपचार करणाऱ्याच्या हाताइतकेच महत्त्व दुखण्याच्या पूर्वेतिहासास आहे.

मनाचाही वाटा लहान नाही. इंग्लंडातील कील विद्यापीठाने २००८ साली नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. हालचाल केल्यास अपाय होईल अशी धास्ती, सततची काळजी, ‘हे आता बरे होणे नाही’ ही निराशा, यांविषयी तीत विचारणा आहे. कारण ही लक्षणे असलेल्यांचे दुखणे रेंगाळण्याचा संभव अधिक असतो.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. बहुतेक नवी उसण काही आठवड्यांत आपोआपच पुष्कळ ओसरते. लाथेस किंवा मणक्याच्या आवाजास मिळणारे श्रेय पुष्कळदा काळाचेच असते. म्हणून तीनचार खेपांत फरक न पडल्यास त्याच उपचारावर पैसा घालवीत बसू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अंथरुणावर पडून राहण्यापेक्षा सोसेल तितके चालावे, हलके काम करावे. जुनाट कंबरदुखीसाठी कंबरपट्टा नेहमीचा उपाय म्हणून वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली सांगितले आहे.

मात्र पायातील शक्ती जाणे, जांघेत बधिरता येणे, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, यांपैकी काही घडल्यास त्याच दिवशी वाशीमचे जिल्हा रुग्णालय गाठावे. ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तरीही आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. मणक्याचा क्षय किंवा मोडलेले हाड त्यामागे असू शकते. अशा पाठीस तपासणीपूर्वी कोणासही पिळू अथवा दाबू देऊ नये. पेरणी चार दिवस लांबली तर शेजारी हात देतील. पाय गेला तर तो कोणी आणून देणार नाही.