दूरचित्रवाणी संचाची निवड : पडदा केवढा असावा?

दूरचित्रवाणीचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी गावात एखादाच संच असे आणि तो घेणाऱ्यापुढे निवडीचा प्रश्न फारसा नसे. आता चित्रनलिकेचे अवजड संच मागे पडले असून चपट्या पडद्याचे ३२ इंचांपासून ६५ इंचांपर्यंतचे व त्याहूनही मोठे संच दुकानांत मांडलेले दिसतात. ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे लहान संचांवर आहे तेवढाच झाला. साहजिकच ‘परवडेल तेवढा मोठा’ असा विचार बळावतो. परंतु घरातील कष्टाचा पैसा असो वा शाळेचा सार्वजनिक निधी, तो सार्थकी लागण्यासाठी आधी अंतराचा हिशेब करणे अगत्याचे आहे.

इंच कशाचे?

संचावर सांगितलेले इंच म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतची लांबी, अर्थात कर्ण. जुन्या चित्रनलिकेच्या पडद्याची रुंदी व उंची ४:३ या प्रमाणात असे. नव्या पडद्यांत हे प्रमाण १६:९ आहे. त्यामुळे ३२ इंची नवा पडदा ७१ सेंटिमीटर रुंद असला, तरी त्याची उंची केवळ ४० सेंटिमीटर भरते. जुन्या २९ इंची संचातील चित्रही जवळजवळ एवढेच उंच असे. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे ५४, ५५ इंचीची ६८ व ६५ इंचीची ८१ सेंटिमीटर असते. पुढील हिशेबात हीच उंची महत्त्वाची आहे.

घरातील संच

चित्र असंख्य बिंदूंचे बनलेले असते. ते ठराविक अंतराहून जवळून पाहिल्यास पुसट वाटते, तर फार दुरून पाहिल्यास त्यातील बारकावे डोळ्यांना दिसत नाहीत. साध्या प्रतीच्या प्रक्षेपणात चित्राच्या ५७६ रेषा असतात. ते पाहण्यास पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतर योग्य ठरते. फुल एचडी चित्रात १०८० रेषा असल्याने तिप्पट अंतर पुरते. फोर-के चित्रात २१६० रेषा असतात. त्यांचा संपूर्ण लाभ मिळण्यासाठी दीडपट अंतरापर्यंत जवळ बसावे लागते.

उदाहरणार्थ, बसण्याची जागा पडद्यापासून ८ फूट, म्हणजे सुमारे अडीच मीटर दूर आहे असे समजा. डीडी फ्री डिशसारख्या विनाशुल्क सेवेवरील साध्या प्रतीच्या वाहिन्याच पाहावयाच्या असतील, तर ३२ इंची संच पुरेसा आहे. त्याच वाहिन्या ५५ इंची पडद्यावर पाहिल्यास चित्र मोठे दिसेल, पण स्पष्ट दिसणार नाही. एचडी कार्यक्रम नेहमी पाहणाऱ्यांना त्याच जागी ४३ वा ५५ इंची संच शोभेल. ४३ इंची संच फोर-के असला, तरी आठ फुटांवरून त्याचे अधिक बारकावे डोळ्यांना जाणवत नाहीत.

शाळेतील संच

वर्गात केवळ चित्र दिसून भागत नाही; अक्षरे वाचता आली पाहिजेत. मजकूर वाचण्यासाठी शेवटच्या विद्यार्थ्याचे अंतर पडद्याच्या उंचीच्या सहापटीहून अधिक नसावे, असा व्यवहारातील नियम आहे. शेवटचा बाक ६ मीटरांवर असेल तर पडदा १ मीटर उंच, म्हणजे सुमारे ८० इंची हवा. ४३ इंची संचावरील मजकूर ३ मीटरांच्या पलीकडे बसलेल्या मुलांना नीट वाचता येणार नाही. एवढा मोठा संच घेणे शक्य नसल्यास अक्षरे मोठी करावीत अथवा मुलांना गटागटाने पुढे बसवावे. पडदा खिडकीसमोर लावू नये. प्रकाशाच्या प्रतिबिंबाने चित्र झाकोळते.

संचाचा प्रकार

ज्यास ‘एलईडी’ म्हणतात, तो बहुधा एलसीडी पडदाच असून त्याच्या मागील प्रकाश एलईडी दिव्यांचा असतो. ओएलईडी प्रकारात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो. त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो, मात्र किंमत अधिक पडते. शिवाय एकच स्थिर चित्र वारंवार तासन्‌तास राहिल्यास त्याची छाप पडद्यावर कायम उमटण्याचा संभव असतो. म्हणून तक्ते व नकाशे दाखविणाऱ्या शाळेस पहिला प्रकार अधिक सोयीचा. वीज किती लागेल, हे संचावरील ताऱ्यांच्या पट्टीवरून समजते. विजांच्या कडकडाटात संचाचा प्लग व डिशची तार दोन्ही काढून ठेवावीत.

दुकानात सारे संच शेजारी शेजारी झगमगत असतात. तेथे मोठा पडदाही लहान भासतो आणि लहान पडदा अपुरा वाटतो. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरातील बैठकीचे वा वर्गातील शेवटच्या बाकाचे अंतर टेपने मोजून कागदावर लिहून घ्यावे, आणि आपण नेहमी पाहतो ती वाहिनी त्याच अंतरावर उभे राहून दाखविण्यास विक्रेत्यास सांगावे.