ट्रान्झिस्टर बिघडला आहे का? मल्टीमीटर सांगेल

नेरे (ता. पनवेल) : काही रुपयांच्या ट्रान्झिस्टरपायी अख्खा अ‍ॅम्प्लिफायर मूक होतो. नेरेसारख्या गावातून दुरुस्तीसाठी पनवेल गाठण्यापूर्वी साध्या मल्टीमीटरने त्याची परीक्षा घेता येते.

वीजजोडणी काढून ट्रान्झिस्टर सर्किटमधून सोडवावा. मल्टीमीटर डायोडच्या चिन्हावर ठेवावा. ‘बीसी ५४७’ या एनपीएन ट्रान्झिस्टरची सपाट बाजू समोर व पाय खाली धरल्यास डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. लाल प्रोब बेसवर, काळा आळीपाळीने उरलेल्या पायांवर टेकवावा. दोन्ही वेळा सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसावेत. प्रोब उलटवल्यास, तसेच कलेक्टर व एमिटर यांमध्ये, आकडा येऊ नये. शून्याजवळचा आकडा शॉर्ट दर्शवतो.

मात्र या कसोटीस उतरलेला ट्रान्झिस्टरही तापल्यावर दगा देऊ शकतो. शिवाय मूळ कारण शोधल्याविना नवा बसवल्यास तोही जळण्याची शक्यता असते.