बर्गी म्हणजे कोण?

हावड्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मूल एखाद्या दुपारी शेजारच्या बंगाली घरातून अंगाई ऐकून येते आणि विचारते, “आई, बर्गी म्हणजे कोण?” आई क्षणभर अडखळते. कारण बंगालच्या अंगाईत येणारे हे बर्गी म्हणजे मराठे स्वार!

वाचकहो, अशा वेळी ऐकीव उत्तर देऊन मुलाची बोळवण करू नका. प्रस्तुत लेखकाने एकदा भाषांतरात ‘बर्गी’चे ‘दरोडेखोर’ करून सुटका करून घेतली होती. पुढे कोश उघडला तेव्हा मान खाली घालावी लागली. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ‘बारगीर’ पाहावा. शब्द मूळचा फारसी, अर्थ ओझे वाहणारा. मराठी फौजेत ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर; स्वतःचा घोडा आणी तो शिलेदार. इंग्रजी ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशातही हा शब्द आहे.

पण कोश अर्थ सांगतो, भय सांगत नाही. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून आल्या. हुगळीच्या पश्चिमेकडील मुलूख, म्हणजे हावड्याचीच बाजू, लुटला गेला; पलीकडे कलकत्त्याने संरक्षणासाठी ‘मराठा खंदक’ खणावयास घेतला. गंगाराम या बंगाली कवीच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त जळालेली गावे आणि पळणारी माणसे आहेत. मुलाला हेही सांगावे. ते ऐकताना आपल्याला बरे वाटणार नाही, हे खरे.

मराठी वाक्प्रचारांसाठी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ उत्तम. मात्र उगमकथा जितकी रंजक तितकी ती पारखून घ्यावी. ‘ध चा मा करणे’ यामागची आनंदीबाईंची कथा सर्वांच्या तोंडी आहे; १७७३ मधील नारायणराव पेशव्यांचा खून हा इतिहास, अक्षर बदलल्याची गोष्ट ही आख्यायिका.

मोल्सवर्थ आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. तरीही सवड काढून अलीपूरचे राष्ट्रीय ग्रंथालय मुलांना दाखवावे. हावड्याहून लोकलने श्रीरामपूरही जवळच. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने विल्यम केरीने केलेला मराठी कोश १८१० मध्ये तेथेच छापला गेला. त्यातील मराठी शब्द मोडीत आहेत. तो पाहताना मोडी जाणणारे कोणी जवळ असलेले बरे.